एकच खरा विस्तव

"आजी, किसन नका म्हणू! सरदार म्हणा, सरदार!"

भोंग्यातून हा आवाज आला तेव्हा किसनच्या पायाकडची लाकडं पेटलेली होती. हौसा चितेसमोर बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि "माझा किसन जळतोय रं, काढा त्याला" म्हणून ओरडत होती. बायकांना सकाळपासून रडायलाच उभं केलं होतं. त्यामुळं तिचं ऐकून बाकीच्याही आणखी जोरात रडायला लागल्या. बायकांकडं तोंड केलेल्या कॅमेऱ्यावरच्या माणसानं मान न वळवता अंगठा वर केला. चांगलं चाललंय, असा त्याचा अर्थ.

मी त्या घोळक्यात नव्हते. मला घेतलंच नव्हतं. "तुमचा चेहरा रागीट आहे, आजी, तुम्ही रडताना खऱ्या वाटणार नाही," असं तिथल्या एका पोरीनं मला तोंडावर सांगितलं होतं. ते खरं आहे. मी चहाच्या टेबलाशी बसून बघत होते, आणि क्षणभर मलाही वाटलं की हौसीनं रडणं काय झकास जमवलंय.

मग ती पळाली. सरळ आगीत हात घातले आणि किसनच्या मांडीवरचं ओंडकं ओढायला लागली. तेव्हा कुठं कोणीतरी "कट" म्हणालं.

हौसा माझी शेजारीण. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडे आमची वाडी आहे. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इथं आलो. तिच्या आणि माझ्या घरात एक गोठा आणि एक फणस, एवढंच अंतर. ती बुटकी, रुंद, आवाज मोठा. आमचं फार पटायचं असं नाही, पण बोलल्याशिवाय दिवस जायचा नाही.

तिला एक खोड होती. ती सगळ्याचा निकाल लावायची. भाताची झोडणी झाली की घराघरातून नव्या तांदळाचा वाटीभर भात तिच्याकडं जायचा. ही चाल कोणी पाडली माहीत नाही, बहुतेक तिनंच पाडली असावी. शीत चिमटीत धरून दाबायची, वास घ्यायची, मग तोंडात टाकायची. भात आणणारी बाई तिच्या तोंडाकडं बघत उभी. जमलं असेल तर हौसा म्हणायची, "खरं हाय." नसेल तर, "लुटूपुटू." पोरं भातुकलीत जेवतात ना खोटं खोटं, तसलं. तिसरा शब्द तिच्याकडं नव्हता. सकाळी ओट्यावर मिश्री लावत बसायची आणि बोलता बोलता तिचं बोट दातावर थांबलं की आम्ही ओळखायचो, आता कोणाचा तरी नंबर लागला.

देवळातलं भजन, नव्या सुनेची भाकरी, मतं मागायला आलेल्या माणसाचं हात जोडणं, काही सुटायचं नाही. "खरं कराचं तर खरं करा, न्हाईतर उठा," हे तिचं ठरलेलं वाक्य. नवऱ्यालाही एकदा म्हणाली. तो खरोखरच उठला आणि मुंबईला कामाला गेला. शिमग्याला तेवढा यायचा. तिकडंच वारला. एक लेक भोरला दिली. किसन तेवढा तिच्यापाशी राहिला.

किसनचा निकाल मात्र तिनं कधी लावला नाही. त्यानं वाकडी लावणी केली तरी गप्प, बांध अर्धवट सोडला तरी गप्प. मी एकदा म्हटलं, "त्याला का म्हणत न्हाईस गं लुटूपुटू?"

"त्यो कसाबी चालंल," ती म्हणाली आणि विषय संपवला.

त्याला मुलगी बघायला आम्ही कामथडीला गेलो होतो. पोहे आले. हौसानं एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि भरल्या बैठकीत म्हणाली, "पोरगी खरी हाय. पोहं मातूर शेजारणीनं केल्यात."

मुलीचा बाप उठून उभा राहिला. मला वाटलं आता आम्हाला हाकलतो. त्यानं स्वतःचे कान पकडले. "शेजारणीनं न्हाई, म्या केल्यात. पोरगी सकाळपासनं रडतीया, काय करनार?"

हौसा इतकी हसली की तिला ठसका लागला. ती मुलगी म्हणजे मंगल, तिची सून. निकाल अर्धा चुकला म्हणून मी पुढं वर्षानुवर्षं हौसाला चिडवलं. ती म्हणायची, "पोरगी खरी निघाली ना? मंग गप बस."

मग ती मालिका आली. तिचं नाव मी लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी का करू? एक सरदार होता. तलवार, घोडा, कड्यावरून उडी, दर भागात एक फितूर आणि दर भागाच्या शेवटी सरदार मरता मरता वाचायचा. तीन पर्वं चालली. टीव्ही सगळ्यांकडं होता, पण ही मालिका बघायला अर्धी वाडी हौसाच्या घरात जमायची. मालिका बघायला कमी, तिचं ऐकायला जास्त.

"गड चढून आला, वर लढला, आन धाप न्हाई? ही शनवारची पोरं बघा गडावरनं येत्यात, पाणी मागायची सोय नसती त्यास्नी."

"पागोटं चिकटिवलंय का डोक्याला? घोड्यावरनं पडला तरी हालंना."

सगळ्यांत मोठी तक्रार चुलीची. पडद्यावर छावणी दिसली, राहुट्या दिसल्या, झेंडे दिसले की ती पुढं सरकून बघायची आणि विचारायची, "एवढं सैन्य हाय. ह्ये खात्यात काय? चूल कुठाय?" पोरं हसायची. पुढं पुढं छावणी दिसली की पोरंच ओरडायला लागली, "हौसाक्का, चूल कुठाय?"

दुसऱ्या पर्वात सरदाराला दगा देऊन पकडलं. हौसा उठली आणि टीव्ही बंद केला.

"अवं हौसाक्का, पुढं बघू द्या की!"

"माझी लाईट, माझा टीव्ही. सुटला की सांगा."

मग बरेच दिवस लोक आमच्या घरी बघत होते आणि मला चहा करावा लागत होता. सरदार सुटला त्या दिवशी किसन धावत सांगायला गेला. हौसानं विचारलं, "घरी गेला का आईकडं?"

"न्हाई गं, सरळ लढाईला गेला."

"मंग सुटून काय उपेग," असं म्हणत तिनं टीव्ही लावला.

मधे ती लेकीकडं भोरला गेली होती. तिथं लेकीच्या बिल्डिंगमधे ऑफिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्यासमोर ही सांगत बसली की हा सरदार आमच्याच खोऱ्यातला, आमच्या वरच्या वाडीत त्याचं घर होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आजी, असा सरदार झालाच नाही. लेखकाच्या डोक्यातून आलाय तो." खरंच होतं त्यांचं. आठवडाभर राहायला गेलेली हौसा दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आली.

"सरे, त्यो झालाच न्हाई म्हनं," ओट्यावर बसत ती मला म्हणाली. पिशवीसुद्धा उघडली नाही. शेवटी म्हणाली, "खोटं तर खोटं. पर नीट खोटं कराया काय झालं? खोट्या मान्साला भूक लागत न्हाई व्हय?"

माझं मत विचाराल तर पहिलं पर्व बरं होतं. दुसरं पाणी घालून वाढवलं. तिसऱ्यात सरदारापेक्षा घोड्यानं चांगलं काम केलं. पण हौसा असताना माझं मत विचारणार कोण?

तिसऱ्या पर्वाचं शूटिंग आमच्या खोऱ्यात आलं. गाड्या, तंबू, छत्र्या, आणि नकली तलवारींचा टेम्पो. सरदार झालेला नट एक दिवस वाडीत फिरत आला. पोरांनी त्याला हौसाच्या ओट्यावर नेऊन बसवलं. तिनं तांदळाची गरम भाकरी आणि ठेचा दिला आणि समोर बसून विचारलं, "दुसऱ्या पर्वात सुटल्यावर तुमी आईकडं का न्हाई गेला?"

तो मोठ्यानं हसला. "आजी, लेखकाला विचारून सांगतो हं."

"लेखकाला कशापायी? तुमाला आई हाय का न्हाई?"

"आहे ना, पुण्याला असते."

"मंग झालं."

त्यानं तिच्याबरोबर फोटो काढला. भाकरी अर्धी ठेवली. गाडी वळल्यावर हौसानं ताटलीकडं बघितलं आणि म्हणाली, "लुटूपुटू." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पर दिसाया बरं हाय लेकरू."

शेवटच्या भागात सरदाराची अंत्ययात्रा होती. आणि इथं ते लेकरू अडून बसलं. तिरडीवर झोपणार नाही म्हणालं. आईनं शपथ घातलीये. मग त्याच्या अंगलटीचा माणूस शोधायला लागले. तोंड झाकलेलंच राहणार होतं. खोऱ्यात त्याच्या उंचीचा, त्याच्या खांद्यांचा एकच निघाला, किसन.

मंगलला ते आवडलं नाही. "त्याच्या आईला चालत न्हाई, मंग आपल्याला कसं चालतं?" तिनं सासूला सरळ विचारलं.

"अगं येडे, खोटी तिरडी झाली की आयुष्य वाढतं," हौसा म्हणाली. "शंभरी भरंल त्याची." आमच्याकडं मानतातच तसं. जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली तरी आम्ही म्हणतो, वाढलं आयुष्य. शिवाय हौसाला हौसही होती. आपला किसन मालिकेत दिसणार. तोंड झाकलेलं असलं म्हणून काय झालं, खांदे तर त्याचेच.

नदीकाठी शूटिंगवाल्यांनी आपली चिता मांडली होती. रंगवलेली पोकळ ओंडकी आणि समोरून जाळ दिसावा म्हणून खाली गॅसची नळी. हौसा पांढरं लुगडं नेसून रडायच्या बायकांत उभी होती. मिश्री नव्हती, पण तिचं बोट दाताकडं गेलेलं मी टेबलाशी बसून बघितलं.

"ही चिता?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पलीकडच्या काठाला ऐकू जावं. "हिच्यावर चहा तरी व्हईल का?"

सगळे हसले. डायरेक्टर म्हणजे टोपी घातलेला एक तरणा माणूस. तोही हसला. "आजी बरोबर बोलतायत. हे खरंच फालतू दिसतंय. गावातल्या लोकांना सांगा, खरी रचा."

"खरं कराचं तर खरं करा," हौसा म्हणाली.

आमच्याकडं चिता रचायचं काम दगडूचं. खोऱ्यातल्या सगळ्या मयतांना त्याचा हात लागलेला. आमच्याकडं पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, आणि माणूस काही पाऊस थांबायची वाट बघून मरत नाही. म्हणून चितेच्या तळाला वाळलेली कारवी घालतात. कारवी म्हणजे डोंगरावर उगवते ती काठीसारखी झुडपं. आम्ही तिचे कूड, म्हणजे घरागोठ्याच्या भिंती, करतो. वाळली की एका ठिणगीनं भडकते. तिच्यावर पेंढा, पेंढ्यावर लाकडं. आणि सगळ्यांत शेवटी मयताच्या मांडीवर एक जड ओंडकं. कारण आगीत शरीर आखडतं, मयत उठून बसल्यासारखं दिसतं, आणि ते घरच्यांना बघवत नाही.

दगडूनं सगळं तसंच केलं. दिवस उन्हाळ्याचे, कारवीची गरज नव्हती. मयत जिवंत होतं, ओंडक्याची गरज नव्हती. पण त्याच्या हाताला दुसरी चिता माहीतच नव्हती. आणि समोर हौसाक्का उभी. वाईट रचली तर ती जन्मभर ऐकवणार.

शूटिंगवाल्यांना कारवी काय ठाऊक? त्यांचं ठरलं होतं की मशाल चितेजवळ न्यायची, लावायची नाही, तिथं कट. मग किसनला उतरवून बाहुलं ठेवायचं आणि मग पेटवायचं. मशाल जवळ आली. नदीवरून वारा सुटला. एक ठिणगी खाली कारवीत पडली. मांडीवर ओंडकं, किसनला उठता येईना. पुढचं मी आधीच लिहिलंय.

त्यांच्याच गाडीतून दोघांना वेल्ह्याला आणि तिथून पुण्याला नेलं. किसनचे पाय वाचले, पण डावा गुडघ्यात वाकत नाही. हौसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बोटं आत वळली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. दवाखान्याचं कंपनीनं बघितलं. नटानं फळांची पाटी पाठवली आणि एक शाल. उन्हाळ्यात शाल.

वाडीनं सगळं दगडूवर ढकललं. तो कोणाच्या दारात जाईनासा झाला. हौसा घरी आल्यावर एकदा संध्याकाळी आला आणि अंगणात खालीच बसला. बराच वेळ मातीवर रेघोट्या ओढत होता.

"तुमीच म्हणला हुता, हौसाक्का. खरं करा म्हणून."

आम्हाला वाटलं ही आता त्याला फाडून खाणार. ती म्हणाली, "व्हय. म्याच." मग आत वळून म्हणाली, "मंगल, दगडूला चहा टाक."

शेवटचा भाग लागायचा होता त्या दिवशी मंगलनं टीव्हीची पिन काढून ठेवली होती. हौसानं ती लावायला सांगितली. घर भरलं. नेहमीचीच माणसं, नेहमीच्याच जागा. किसन कॉटवर पाय लांब करून पडलेला. हौसा भिंतीला टेकून, फडक्यात गुंडाळलेले हात मांडीवर.

तिरडी आली. नदी आली. चिता आली, अगदी खरी. मग बायका दिसल्या आणि त्यांत हौसा, तोंड उघडं, डोळे फाटलेले. वरून त्यांनी मोठमोठी वाद्यं वाजवली होती. 'किसन' कापून टाकलं होतं. नुसती किंकाळी ठेवली होती. ती पळाली तिथं चित्र तोडलं.

मग सकाळ झाली, म्हणजे मालिकेत झाली, आणि कड्यावर घोडा उभा, घोड्यावर सरदार. मेलाच नव्हता. शत्रूला फसवायला त्याच्या जागी चितेवर दुसऱ्याच कुणाला ठेवलं होतं. एक निष्ठावान शिपाई. त्याला नाव नव्हतं. सरदारानं त्याच्यासाठी डोळ्यांतून एक थेंब काढला, तलवार उपसली आणि घोडा उडवत निघून गेला. संपलं.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. काय करतील, एवढी वर्षं बघत होते. सगळ्यांत जोरात किसननं वाजवल्या. "आई, बघ की, जिता हाय त्यो!"

"मंग हौसाक्का, कसं झालं?" कोणीतरी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

हौसानं खाली आपल्या हातांकडं बघितलं. मग सगळ्यांकडं.

"तीन पर्वं बघितली. एक चूल दावली न्हाई. एकच विस्तव खरा पेटला, आन त्यो म्या पेटवाया लावला." आणि मंगलकडं वळून म्हणाली, "बंद कर त्ये."

हा तिचा शेवटचा निकाल. त्यानंतर तिनं कशालाच काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी नवा भात घेऊन बायका गेल्या. मंगलनं घास भरवला. हौसा म्हणाली, "बरं हाय." दुसरीचा, "बरं हाय." पोरांनी मुद्दाम कच्चा भात नेऊन बघितला, तोही बरा. भजन बरं, सून बरी, पाऊस बरा. मिश्री सुटली, कारण बोटच सरळ होत नव्हतं आणि दुसऱ्याच्या हातानं ती लावून घेईना. मी एकदा तिला करपलेली भाकरी दिली, खाली काळी ठिक्कर. ती चावत बसली.

"अगं काय खातीयास ते? लुटूपुटू म्हण की मेले!" मी ओरडले.

"मला आता कळत न्हाई, सरे," ती म्हणाली आणि उरलेला तुकडा संपवला.

किसननं वाटेवर टपरी टाकली. शेतात उभं राहता येत नव्हतं, दुसरं काय करणार? शनिवार-रविवारी पुण्याहून गडावर जाणारी पोरं तिथं पिठलं-भाकरी खातात. मंगल भाकऱ्या थापायची, हौसा मागं पोत्यावर बसलेली. आणि किसन मोबाईल काढायचा. "ही मालिका बघितली का? चितेवरचा मी हाय. आन ही रडतीया ती माझी आई." की लगेच ती किंकाळी. एका घोळक्याला दाखवून झाली की दुसऱ्याला. पोरं "बाप रे" म्हणायची, आणखी एकदा लावा म्हणायची, मागं वाकून हौसाकडं बघायची. हौसा मान वर करत नव्हती. चुलीकडं बघत बसायची.

मला राहवलं नाही. एकदा टपरी रिकामी बघून मी किसनला म्हटलं, "लाज न्हाई वाटत? तुझ्या आईचा जीव जातो दर खेपेला."

किसननं मला उलट उत्तर कधी दिलं नव्हतं. तेव्हाही आवाज चढवला नाही. "काकी, माझं तोंड झाकलंय त्यात. नाव न्हाई. एवढ्या मालिकेत आमचं काय हाय? आईचा आवाज तेवढा हाय."

मागं हौसा ऐकत होती. मला वाटलं, आता तरी त्याला म्हणेल. ती त्याच्या पाठीकडं नुसती बघत राहिली.

हौसा श्रावणात गेली. साधा ताप आला होता. झड लागलेली, दोन घरांमधलं अंगण तळं झालेलं. आमच्यात बायका मयताबरोबर नदीवर जात नाहीत. मी गेले. या वयात मला कोण अडवणार? स्मशानातल्या शेडचे पत्रे वादळात उडाले होते ते उडालेलेच होते.

चिता दगडूनं रचली. तळाला कारवी नव्हती, वर ओंडकं नव्हतं. त्या दिवसापासून त्यानं कुणाच्याच चितेला कारवी लावली नव्हती, ओंडकंही ठेवलं नव्हतं. मधे जी माणसं गेली ती कोरड्या दिवसांत गेली, म्हणून निभावलं. आता डिझेल ओतलं, जुना टायर घातला, नुसता धूर. किसन आखडल्या पायानं चितेभोवती फिरत टेंभा लावत होता आणि जाळ विझत होता. माणसं खाली बघत उभी होती.

मी पुढं झाले. "दगडू, हिच्यावर चहा तरी व्हईल का?"

कोणी हसलं नाही. दगडू मटकन खाली बसला.

किसननं टेंभा एकाच्या हातात दिला आणि लंगडत वर घराकडं गेला. त्यांच्या गोठ्याचा कूड कारवीचा, शेणानं लिंपलेला, आतून कोरडा ठाक. तो त्यानं उपसला आणि ताडपत्रीत गुंडाळून खांद्यावरून आणला. घ्यायला कोणी हात पुढं केला नाही. कारवीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. त्यानं एकट्यानं खाली बसून, वाकत नाही तो पाय चिखलात लांब सोडून, लाकडांच्या खालून ती एकेक मूठ आत सारली. मग टेंभा लावला.

जाळ पुरुषभर वर गेला. सगळे मागं सरले. किसन तिथंच उभा राहिला, जाळाच्या तोंडाशी. "किसन! अरं किसन, मागं हो!" दगडू ओरडला. मग सगळेच ओरडायला लागले, किसन, किसन. शेवटी दगडूनं उठून त्याला सदऱ्याला धरून ओढलं.

शनिवारी गाड्या आल्या की अजूनही वाटेवरून हौसाची किंकाळी माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येते. मी आता किसनला काही म्हणत नाही.

त्या दिवशी नदीकाठच्या आगीतून दोघं बाहेर आली होती. हौसा गेली. किसन आहे.